कपाट बघायला आले, घड्याळ घेऊन गेले

आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ कुणी चोरलं नाही. मीच दिलं. ते खाली उतरवताना स्टूलसुद्धा मीच धरलं होतं.

घर रिकामं करायचं होतं आणि जुनं कपाट कुठेच मावेना, म्हणून जुन्या वस्तू घेणाऱ्या दोघांना कपाटाचा फोटो पाठवला. शेजारचं घड्याळही त्यात आलं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पाऊण तास दोघे कपाटाभोवतीच घोटाळत होते. कड्या हलवल्या, खण काढून उलटे करून पाहिले, आपसांत कुजबुजले. "ताई, असं लाकूड आता बघायला मिळत नाही," म्हणाले आणि माझ्या मनात होती त्याहून जास्त रक्कम सांगितली. मी खूश! घड्याळाकडे मात्र मान वर करूनही पाहिलं नाही. ज्या वस्तूवर खरा डोळा असतो तिच्याकडे हे लोक बघतच नाहीत.

निघता निघता धाकटा म्हणाला, "हे बंदच असेल ना? सुटे भाग कामाला येतील, कपाटाबरोबर देऊन टाका." मी का-कू करत होते. तेवढ्यात थोरल्याने घड्याळाचं दार उघडलं, यंत्र पुढे सरकवून मागे टॉर्च मारला आणि तोंड वाकडं केलं. "कुठे जर्मनीबिर्मनी लिहिलंय का? नाही. म्हणजे नक्कल. लोलकाची दांडीपण लाकडाची, हलका माल." यंत्रामागचा आकडा दिसला तेव्हा मात्र फोटो काढला, 'भाग जुळतात का बघायला'.

मग लोलक वेगळा काढून वर्तमानपत्रात गुंडाळला, वजन दुसऱ्या कागदात, चावी स्वतःच्या खिशात. भंगार कुणी असं तान्ह्या बाळासारखं गुंडाळतं का? मी समोर उभी राहून बघत होते आणि तरी ट्यूब पेटली नाही.

पुढे एका घड्याळजींना जुन्या अल्बममधला फोटो दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मागच्या पत्र्यावर जहाजाचा नांगर होता का?" होता. नांगर, वर मुकुट. आजोबा तेल घालायला यंत्र काढत तेव्हा लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचे. ती गुस्टाव बेकर या जर्मन घड्याळकारांच्या कारखान्याची खूण. कारखाना सायलेशिया या तेव्हाच्या जर्मन प्रदेशात होता, तो भाग आज पोलंडमध्ये आहे. 'नक्कल' म्हणण्यामागची लबाडीही त्यांनीच उलगडली. परदेशी मालावर देशाचं नाव घालण्याची सक्ती ब्रिटनने 1887 च्या कायद्याने आणली, त्यामुळे त्याआधीच्या घड्याळावर ते नसणं साहजिकच. आणि लाकडी दांडी मुद्दाम वापरत, कारण उष्णतेने लाकूड पितळेइतकं लांबत नाही आणि वेळ कमी चुकते. म्हणजे दोष म्हणून जे जे सांगितलं, ते सगळं घड्याळाच्या बाजूचंच होतं. नेमकं साल आकड्यावरून काढता आलं असतं. पण तो आकडा आता फक्त त्यांच्या फोनमध्ये आहे.

तक्रार करायला गेले तर माझ्याच सहीचा कागद आडवा आला : 'जुने सामान राजीखुशीने विकले.' कपाटाचा उल्लेख नाही, घड्याळाचा नाही. त्यामुळे सही करण्याआधी एकेक वस्तू नावानिशी लिहून घ्या. कुणाला बोलवायच्या आधी वस्तू उघडून आतले शिक्के आणि आकडे यांचे फोटो काढून ठेवा. किंमत ठरवणारा आणि विकत घेणारा एकच माणूस असू देऊ नका. विकत घेण्यात रस नसलेल्या कारागिराला आधी दाखवा. घासूनपुसून चकचकीतही करू नका, जुना रंग उडाला की किंमतही उतरते.

पैशांचं एक वेळ सोडा. घड्याळाच्या पेटीच्या आतल्या फळीवर आजोबांनी प्रत्येक तेलपाण्याची तारीख पेन्सिलने लिहिली होती. शेवटच्या दोन तारखांचं अक्षर थरथरलेलं होतं.

कपाटासाठी ते चिल्लर विसार देऊन गेले आणि "उद्या टेम्पो आणतो" म्हणाले. फोन तेव्हापासून बंद. कपाटाच्या दारावर त्यांनी खडूने केलेली फुली अजून तशीच आहे, आणि कपाट अजूनही कुठेच मावत नाही.