१८९३ की १९०३? तुर्की माउझर घेण्याआधी

इथे अमेरिकेत जुनी तुर्की माउझर, म्हणजे जर्मन माउझर कंपनीने ऑटोमन तुर्कस्तानासाठी बनवलेली रायफल, घ्यायची म्हटलं की बहुतेकांचं गाडं १८९३ आणि १९०३ या दोन मॉडेलांपाशी अडतं. माझ्याकडे दोन्ही होत्या. आता एकच आहे.

मुळात एवढे प्रकार झाले ते १८८७ च्या करारामुळे. माउझरने पुढे काही सुधारणा केली तर उरलेला माल नव्या नमुन्याचा मिळेल, अशी अट ऑटोमन सरकारने घालून घेतली होती. म्हणून ९.५ मिमीची रायफल अर्ध्यावर थांबली आणि ७.६५ मिमीची १८९० आली. पुढे प्रजासत्ताकाच्या काळात अंकाऱ्यात अनेक रायफलींना ७.९२ मिमीची नळी बसवली गेली. तशा रूपांतरित रायफलींत काडतुसाचा फरक उरत नाही.

मनाने मी १८९३ कडेच ओढला गेलो होतो. माझ्या रायफलीवर सुलतानाचा तुघ्रा (नक्षीदार राजमुद्रा) घासून काढलेला होता, पण तिरप्या उजेडात त्याच्या रेषा दिसायच्या. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतला वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, आणि समोरच्या तुर्की सैनिकांच्या हातात माउझरच होत्या. हे आठवलं की ती रायफल खाली ठेववत नसे.

पण तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग! १८९३ मध्ये गोळी झाडणारी स्प्रिंग दबते ती बोल्ट पुढे ढकलताना. शेवटच्या दोन बोटं अंतरात तो जोर मागतो, त्या जोराने नळीचं टोक हलतं आणि धरलेला नेम सुटतो. दर गोळीला पुन्हा नेम धरायचा. तासाभराने तळवा दुखायला लागायचा. १९०३ मध्ये हीच स्प्रिंग दांडा वर उचलतानाच दबते, मग बोल्ट अलगद पुढे जातो. ब्रिटिश ३०३ (ली-एनफिल्ड) रायफलीवर हात बसलेल्यांना १८९३ चं कदाचित काहीच वाटणार नाही, कारण तीही तशीच चालते.

शिवाय १९०३ च्या बोल्टला मागे तिसरा, सुरक्षेचा लग आहे, म्हणजे पुढचे दोन मोडले तरी बोल्ट अडवून धरणारा उंचवटा. ७.९२ चं काडतूस जास्त दाबाचं, त्यामुळे गाल दस्त्याला टेकवताना मला तिचाच भरवसा वाटतो. केवळ संग्रहात ठेवायची असेल तर १८९३ जरूर घ्या.

कुठलीही घ्या, आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्या. आणि जुनी तुर्की काडतुसं वापरलीत तर त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावा. त्यांच्या प्रायमरचा (काडतूस पेटवणाऱ्या टोपीचा) क्षार नळीत राहिला की गंज धरतो.