मनगटाचा चुरा झालाय: बाहेरचा फिक्सेटर की आतली ब्रिज प्लेट?

बाइकच्या जोरदार अपघातात मनगटाचा सांध्यापर्यंत चुरा झाला असेल तर नुसत्या प्लास्टरवर भागत नाही, आणि तळहाताच्या बाजूने बसवतात ती नेहमीची प्लेट पण तुकडे स्क्रू धरण्याइतके मोठे असतील तरच जमते. मग उरतात दोन. फिक्सेटर, म्हणजे हाडात घातलेल्या पिना आणि त्यांना बाहेरून जोडणारा रॉड, नाहीतर रेडियसपासून (कोपरापासून मनगटापर्यंतचं अंगठ्याच्या बाजूचं हाड) थेट तर्जनी किंवा मधल्या बोटामागच्या हाडापर्यंत कातडीखालून जाणारी लांब ब्रिज प्लेट. माझ्या हाताला दोन्ही लागलं, जखम उघडी आणि सूज प्रचंड म्हणून आधी फिक्सेटर, आणि सूज उतरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, हाच ठेवायचा का प्लेट करायची.

काम दोघांचं तेच, सांधा ताणून धरायचा म्हणजे लिगामेंट, हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, तुकडे जागेवर ओढतात. मधोमध खचलेला तुकडा मात्र नुसत्या ताणाने वर येत नाही, तो वेगळा उचलावा लागतो, त्याचं काय करणार ते आधीच विचारून घ्या.

फिक्सेटरच्या बाजूने एक गोष्ट खरंच मोठी आहे, 6 ते 8 आठवड्यांत सुटका आणि काढणं बहुतेक वेळा ओपीडीतच होतं. प्लेटला साधारण 3 महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, परत भूल, परत खर्च.

पण त्या पिना! रोज सलाइनने पुसायच्या, कडेची खपली सोडवायची, आई मोबाइलचा टॉर्च धरून बघायची की कातडी लाल झालीय का, पाणी येतंय का, आणि एका पिनेला आलंच, मग अँटिबायोटिक सुरू. शर्टाची बाही उसवून घातली ते चाललं, पण झोपेत रॉडमध्ये चादर अडकली की जो झटका बसायचा त्याने परत डोळा लागायचा नाही. माझा निर्णय तिथेच झाला.

पाय पण मोडला असेल तर माझ्या मते प्लेटच बघा, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर कुबडी धरून त्या हातावर भार देता येतो, मला तरी देता आला. दुसरी भूल झेपणार नसेल किंवा जखम खराब असेल तर फिक्सेटर ठीक, पण मूठ पूर्ण वळतेय ना ते पहिल्या दिवसापासून बघा, ताण जास्त झाला की बोटं आखडतात.

आणि प्लेट केलीत तर काढायची तारीख डिस्चार्जच्या कागदावरच लिहून घ्या, दुखत नाही म्हणून तशीच ठेवली तर ती तुटू शकते.