कोब्राचं किट घेताना: पावडर कोटिंगखाली काय दडवलं जातं

एसी कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या मूळ गाड्या 1960च्या दशकात बनल्या, त्याही हजाराच्या आसपास. आज दिसणारी कोब्रा बहुतेक वेळा प्रतिकृतीच असते. किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, आणून घरी गाडी उभी करणाऱ्यांना लुबाडणारे विक्रेतेही म्हणूनच याच गाडीभोवती घोटाळतात. त्यांची पद्धत एकच: वाईट काम उघडं ठेवायचं नाही, त्यावर काहीतरी चढवायचं.

सगळ्यात जास्त चढवतात ते चासीवर. काळी, चकचकीत, पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला पावडरचा रंग) केलेली चासी पाहून घेणारा खूश होतो. वर कोटिंगचे पैसे घेतले नाहीत म्हणून आभारही मानतो. 4 इंची गोल पाइप 3 मिमी जाडीचा सांगून 2 मिमीचा वापरला, तर बाहेरच्या मापात तसूभर फरक पडत नाही. पीळ सोसण्याची ताकद मात्र जवळपास एक तृतीयांश घटते. मग इंजिनाने जोर लावला की दारांच्या फटी कमीजास्त होतात, बॉडीला कोपऱ्यांत तडे जातात आणि विक्रेता तुमच्या फिटिंगला दोष देतो. पाइपाच्या तोंडाची टोपी काढायला लावा आणि व्हर्नियरने कडेची जाडी मोजा. टोपी वेल्ड केलेली असेल तर अल्ट्रासॉनिक गेज लावा. काट्यावरही खोटं उघडं पडतं: 3 मिमीचा पाइप मीटरला साधारण 7.3 किलो भरतो, 2 मिमीचा 4.9. मुख्य पाइप मिळून 6 मीटर धरले तरी 14 किलोंची तफावत येते.

वेल्डचं त्याहून वाईट. सांधा ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेला दिसला की थांबा. ज्याचा वेल्ड चांगला आहे तो घासत बसत नाही, आणि घासल्याने सांध्यातला मालच कमी होतो. आत न शिरलेला, नुसता वर बसलेला वेल्ड कोटिंगखाली ओळखू येत नाही. म्हणून चासी कोऱ्या लोखंडातच ताब्यात घ्या, कोटिंग नंतर स्वतः करून घ्या. विशबोनचे (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांचे) ब्रॅकेट, स्टिअरिंग रॅकचे माउंट आणि सीटबेल्टच्या जागा डाय पेनिट्रंटने तपासा: लाल द्रव लावा, थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. पृष्ठभागापर्यंत आलेली चीर असेल तर लाल रेघ उमटते. मग पुढच्या डाव्या ब्रॅकेटपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट, असे दोन्ही कर्ण मोजा. 3 मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर आम्ही तरी चासी परत पाठवू, कारण तो शिम (पातळ चकत्या) घालून लपवता येतो, सुधारता येत नाही.

फायबरच्या बॉडीत चोरी मॅटची, म्हणजे रेझिनमध्ये भिजवायच्या काचतंतूंच्या थरांची, होते. चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण 1 मिमी जाडी देतो, म्हणजे 4 मिमीची बॉडी हवी तर चार थर लागतात. दोनच थर टाकून रेझिन ओतलं तरी जाडी भरते, पण ती ठिसूळ असते. आतली बाजू काळ्या रंगाने फवारलेली असेल तर घेऊ नका. तिथेच कोरडी राहिलेली मॅट पांढुरक्या डागांसारखी दिसते. नाण्याने टकटक करत जा. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला, तर तिथे थर सुटलेत किंवा हवा अडकली आहे. जेलकोटवर (बॉडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवल्यावर पृष्ठभाग चिकट झाला, तर बॉडी घाईने साच्यातून काढलेली आहे. ती पुढे आकार सोडणार आणि रंगातून मॅटची जाळी वर दिसणार.

इंजिनात 427 या आकड्यावर, म्हणजे घनइंचांतल्या क्षमतेवर, फसवतात. फोर्डच्या एफई या व्ही8 कुळातली 390, 427 आणि 428 ही इंजिनं बाहेरून सारखीच दिसतात. 427च्या ब्लॉकच्या बाजूला, संपच्या (तळाच्या ऑइल पॅनच्या) वर, मेन कॅपचे (क्रँकशाफ्ट धरणाऱ्या टोप्यांचे) आडवे बोल्ट असतात. ते नसतील तर विषय संपला. असतील तरी हेड काढून बोअर (सिलिंडरचा व्यास) मोजा: 427चा 4.23 इंच, 390चा 4.05. स्ट्रोक (पिस्टनची चाल) मोजून काही कळणार नाही, दोन्हींचा 3.78च आहे. शिवाय फोर्डचंच, पण एफई नसलेलं 351 विंडसर इंजिन स्ट्रोक वाढवून 427 घनइंचांचं करता येतं. ते वाईट इंजिन नव्हे, पण एफईच्या भावात विकलं तर लूटच.

‘संपूर्ण किट’ या शब्दांवर एक पैसाही देऊ नका. वायरिंग, काच आणि तिची फ्रेम, पेट्रोलची टाकी, हब, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल हे सगळं नगांसकट पावतीवर लिहून घ्या. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा. टप्पा दाखवायला येणारे फोटो एकाच चासीचे, चार गिऱ्हाइकांना पाठवलेले असू शकतात. चासीवर ठोकलेला नंबर आणि तुमच्या ऑर्डरची चिठ्ठी एकाच फोटोत मागा, आणि तोच नंबर पावतीवर आल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नका.