कोंभाळण्याच्या बियाणे बँकेचं बी: जरूर घ्या, पण विचारून घ्या

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी उभी केलेली गावरान बियाणे बँक २०२० च्या पद्मश्रीमुळे घरोघरी माहीत झाली. शेतकऱ्याला तिचं मोल वेगळ्याच कारणाने आहे. हे बी त्याच डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेरून टिकवलेलं आहे. पाऊस उशिरा आला, मध्येच दडी मारून बसला किंवा ऐन काढणीत कोसळला, तर कोणतं वाण तग धरतं हे तिथल्या जाणत्यांना तोंडपाठ असतं. हे ज्ञान कोणत्याच पाकिटावर छापून येत नाही.

व्यवहार सोपा आहे: नेलं त्याच्या दुप्पट बी हंगामानंतर परत करायचं.

भात घेताना आधी विचारा, हळवं (लवकर तयार होणारं) की गरवं (उशिरा तयार होणारं)? वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीतली ओल लवकर सरते. तिथे गरवं लावलं तर दाणा भरताना पाणी नसतं आणि लोंब्या पोचट राहतात. खाचरात पाणी टिकत असेल तर गरवं चांगलं. जुन्या गरव्या जातींपैकी बऱ्याच, दिवस लहान होऊ लागले की निसवतात, म्हणजे लोंब्या बाहेर टाकतात. म्हणून पेरणी पंधरवडाभर लांबली तरी कापणी तितकी लांबत नाही. फुटवे (बुंध्यातून निघणारे नवे कोंब) मात्र कमी येतात, तेव्हा उशिराच्या लावणीत अंतर थोडं कमी ठेवा. या जाती उंच वाढतात. युरिया सढळ हाताने टाकला की परतीच्या पावसात भात लोळलाच म्हणून समजा. संकरित भाताइतका उतारा हवा असेल, तर हे बी तुमच्यासाठी नाही.

पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा. ८० उगवले तर उत्तम; ६५ च उगवले तर बी सव्वापट घ्या. मग १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात सोडा, तरंगेल ते काढून टाका, तळाचं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा.

घेवड्याबद्दल सर्वांत जास्त तक्रार येते ती अशी, की वेल मांडवभर पसरला पण शेंग नाही. दोष बियाण्याचा नसतो. गावरान वेलघेवडा दिवस लहान झाल्यावरच फुलतो. फेब्रुवारीत लावला तर नुसता पाला वाढतो. जून-जुलैत टोकण करा.

परत करायचं बी राशीतून उचलू नका. भात निसवताना वेगळी दिसणारी झाडं उपटा, बांधाकडच्या ओळी सोडून मधल्या निरोगी लोंब्या निवडा. घेवड्याला भुंग्याची अंडी शेतातच शेंगांवर लागतात. म्हणून शेंगा कडक वाळवा, सोललेलं बी लगेच थंड, चाळलेल्या राखेत पुरेपूर घोळवून मडक्यात भरा आणि तोंड शेणमातीने लिंपून घ्या. राख दमट असेल तर बुरशी धरते, तेव्हा ती आधी उन्हात तापवून निवू द्या.