उतरलेल्या सेलवर एका सेलचा एलईडी टॉर्च : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरात सर्वांत जास्त सेल लागतात ते गॅस गीझरला आणि आईंच्या बीपीच्या मशीनला. गीझरमध्ये दोन मोठे सेल, मशीनमध्ये चार पेन्सिल सेल. ते जरा उतरले की गीझरची ठिणगी पडत नाही आणि बीपीचा पट्टा फुगता फुगता मध्येच थांबतो. मग सेल ‘संपले’ म्हणून टाकून द्यायचे, हीच घरोघरची पद्धत. गेले काही महिने मी हे सेल टॉर्चमध्ये वापरते आहे, आणि आता खात्रीने सांगते, ते संपलेले नसतात.

नवा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टच्या थोडा वर असतो. तो खरोखर रिकामा धरतात ०.८ ते ०.९ व्होल्टला. पण पट्ट्यात हवा भरणाऱ्या मोटरला एकदम जास्त करंट लागतो. सेल वापरून झाला की त्याचा आतला रोध (करंटला होणारा अडथळा) वाढलेला असतो, त्यामुळे करंट ओढला की व्होल्टेज बसतं आणि मशीन नकार देतं. कमी करंट मागणारी वस्तू त्याच सेलवर पुढे कितीतरी तास चालते. रसवंतीवाला चिपाड दुमडून पुन्हा चरकात घालतो तेव्हा रस निघतोच, तसंच आहे हे.

माझा मुख्य टॉर्च एका पेन्सिल सेलचा आहे, पुण्यातल्या विजेच्या वस्तूंच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून आणलेला. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणून एका सेलवर तो पेटवायचा तर आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असावंच लागतं. या कामासाठी हा टॉर्च उत्तम, तो या सर्किटमुळेच. सेल १ व्होल्टवर आला तरी ते त्यातून ओढत राहतं. शिवाय सेल एकच, म्हणजे जोडी जमवायची भानगड नाही.

तरी खरं महत्त्व आहे मंद मोडला. पूर्ण प्रकाशात एलईडीला १०० मिलिअँपिअर दिले तर ०.३ वॉटच्या आसपास लागतात. सर्किटमधली घट धरली तर १ व्होल्टच्या सेलमधून जवळजवळ ४०० मिलिअँपिअर ओढावे लागतात. उतरलेल्या सेलला ते झेपत नाही, टॉर्च लुकलुकतो नाहीतर पेटतच नाही. मंद मोडवर २० मिलिअँपिअर धरा, म्हणजे सेलवर फक्त ७५ ते ८० चा भार येतो आणि तोच सेल शांतपणे चालतो. रात्री आईंना उठावं लागलं तर पॅसेजमध्ये एवढा उजेड पुरतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा जिन्यातही हाच. सिंहगडावर पहाटे चढायला मात्र मी नवे सेल नेते, तिथे अर्धवट सेलवर विसंबू नये.

तीन बारीक सेलचा टॉर्चही वापरून पाहिला. त्याची शिफारस करणार नाही. स्वस्त मॉडेलमध्ये सर्किट नसतं, सेल थेट एलईडीला जोडलेले असतात, त्यामुळे प्रत्येकी १ व्होल्टच्या आत गेले की उजेड जवळजवळ नाहीसा होतो. त्यात तीन सेल वेगवेगळे उतरलेले असतील तर सर्वांत कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे दोघे त्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात, त्याची धन-ऋण टोकं उलटतात आणि तो गळतो. गीझरचे मोठे सेल मी जुन्या स्टीलच्या दोन सेलच्या टॉर्चमध्ये, आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असलेला एलईडी बल्ब बसवून वापरते. ते दोन्ही एकाच दिवशी निघालेले असतात, म्हणून चालतं.

सेल पारखायला व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर आहे, पण नुसता लावलेला मीटर फसवतो. विसावलेला सेल १.३ व्होल्ट दाखवतो आणि भाराखाली, म्हणजे करंट ओढला जात असताना, ०.९ वर येतो. सेलच्या दोन टोकांना १० ओहमचा रेझिस्टर लावून तेव्हाचं माप घ्यावं. १.१ च्या वर राहिला तर आमच्याकडे तो भिंतीवरच्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये जातो, त्याखालचा टॉर्चमध्ये.

उजेड मरत चालला की सेल त्याच दिवशी काढा, ही गोष्ट मी घरात सगळ्यांना बजावून ठेवली आहे. साध्या कार्बन-झिंक सेलची जस्ताची डबीच वापरात झिजत जाते, म्हणून तो फार गळतो. अल्कलाइनही गळतो, आणि त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचेला व डोळ्यांना वाईट. स्प्रिंगवर बुरशीसारखी पांढरी पूड दिसली तर हातमोजे घालून, थोड्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावी. चार्जिंगचे सेल या टॉर्चमध्ये असे शेवटपर्यंत पिळू नका. फार खाली गेले की ते कायमचे बिघडतात.

आता शेजारच्या काकूसुद्धा ‘अगं, हे घे तुझे सेल’ म्हणत रिमोटचे, खेळण्यांचे सेल आणून देतात. पूर्ण रिकामे झालेले मी बरणीत साठवते आणि ई-कचऱ्यात वेगळे देते, ओल्या-सुक्यात नाही.

असा टॉर्च घ्यायला जाणार असाल तर घरातला एक उतरलेला सेल बरोबर न्या आणि दुकानातच मंद मोडवर लावून बघा. नव्या सेलवर सगळेच टॉर्च झकास पेटतात.