सोलरला बॅटरी जोडावी का? ऑन-ग्रिड आणि हायब्रिड समोरासमोर

छतावर पॅनेल असली की वीज गेल्यावरही घर चालेल, हा समज आधी सोडा. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करून ग्रिडला (वीज कंपनीच्या तारांना) जोडणारं यंत्र, ग्रिड गेली की लगेच बंद होतो, अगदी भर दुपारीसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव त्यावर अवलंबून असतो, म्हणून ही सोय कधीही निकामी करू नये.

निर्णय दोन गोष्टींवर ठरतो: वीज किती वेळा जाते, आणि ग्रिडला दिलेल्या युनिटचं काय मिळतं. दिलेल्या प्रत्येक युनिटमागे बिलातून एक युनिट वळतं होत असेल आणि वीज क्वचितच जात असेल, तर बॅटरी घेऊच नका. लिथियम बॅटरीतसुद्धा १० युनिट भरले की साधारण ९ परत मिळतात, म्हणजे उलट तोटाच. दिलेल्या युनिटचा दर विकतच्या युनिटपेक्षा बराच कमी असेल किंवा संध्याकाळची वीज महाग असेल, तर मात्र बॅटरीचा विचार करायला हवा.

नवा संच घेताना हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) सरस, कारण पॅनेलची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज एसी, म्हणजे घरात वापरतो तशी, न होता बॅटरीत जाते. जुना ऑन-ग्रिड संच नीट चालत असेल तर तो काढू नका. एसी बाजूला वेगळा बॅटरी इन्व्हर्टर जोडता येतो. रूपांतरात थोडी जास्त वीज जाते, पण खरी अडचण वेगळीच. वीज गेलेली आणि बॅटरी भरलेली असताना जास्तीची सौर वीज जाणार कुठे? अशा वेळी बॅटरी इन्व्हर्टर एसी विजेची फ्रिक्वेन्सी (दिशा बदलण्याचा वेग) थोडी वाढवतो आणि सोलर इन्व्हर्टरने ते ओळखून उत्पादन कमी करायचं असतं. जुन्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय नसेल तर तो सारखा ट्रिप होतो. खरेदीआधी हे लेखी विचारून घ्या.

बॅटरीचा आकार पॅनेलवरून नाही, रात्रीच्या वापरावरून काढा. रात्री ६ युनिट लागत असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे ७ किलोवॅट-तासांची (म्हणजे ७ युनिटची) पुरते. लेड-अॅसिड अर्ध्याखाली नेली की लवकर मरते, म्हणून ती जवळपास १३ ची लागेल. शिवाय डिस्टिल्ड वॉटर आणि हवेशीर जागा हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. रोज भरायची-रिकामी करायची असेल तर लिथियमच घ्या. लेड-अॅसिड अधूनमधूनच्या बॅकअपला चालते.

युनिट पुरेसे असूनही बॅकअप कोसळतो, तो बहुधा ताकदीवर, म्हणजे बॅटरी एका वेळी किती किलोवॅट देऊ शकते त्यावर. ५ किलोवॅट-तासांच्या काही बॅटऱ्या सलग २.५ किलोवॅटच देतात, आणि पंपाची मोटर थेट सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. म्हणून दिवे, पंखे, फ्रिज, राउटर यांचा वेगळा डीबी (ब्रेकरची पेटी) करून तोच बॅकअपवर घ्या. गीझर आणि पंप बाहेर ठेवा. ४८ व्होल्टच्या बॅटरीतून ५ किलोवॅट घेताना १०० अॅम्पियरहून जास्त करंट वाहतो. लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) सैल राहिला तर तिथेच तापून जळतं. बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पान्याने), उत्पादकाने दिलेल्या मापाइतकेच आवळून घ्या आणि डीसी बाजूला डीसीचाच ब्रेकर लावा. एसीचा ब्रेकर तिथली ठिणगी तोडू शकत नाही.