डबी, केक की पिशवी : धर्मग्रामातर्फे द्यायचं तर कुठे?

मुलगी नोकरीला लागली आणि पहिला पगार झाल्यावर तिने विचारलं, "पप्पा, देवळातर्फे काही द्यायचं तर कुठे देऊ?" देऊळ म्हणजे आमचं चर्च. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. तिच्यासारख्या प्रश्नात पडलेल्या कुणाला उपयोग झाला तर बरं.

वसईतल्या माणसापुढे साधारण चार वाटा असतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरी येणारी कारितासची दानाची डबी, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, एखादं बालगृह, आणि आपल्याच धर्मग्रामातली (म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतली, पॅरिशमधली) संत विन्सेंट डी पॉल संस्था, म्हणजे एसव्हीपी. चारही ठिकाणी मी थोडेफार पैसे दिलेत. तीन ठिकाणी जाऊनही आलोय. डबीला कुठे जावं लागत नाही, हाच तिचा मोठा गुण.

डबीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कारितास इंडिया ही भारतातल्या बिशपांनी 1962 साली उभी केलेली संस्था. पूर आला, दुष्काळ पडला की जिथे आपण कधी पोचणार नाही तिथे तिचे लोक पोचतात. आपल्या डबीतले पैसे कुठल्या राज्यात गेले हे आपल्याला कळत नाही, आणि काहींच्या मते तेच खरं दान. मला पटतं ते. अडचण आमच्या घरची आहे. त्यागातून वाचलेले पैसे डबीत पडावेत अशी अपेक्षा. आमच्याकडे शुक्रवारी मटण नाही म्हणून पापलेट येतं, आणि पापलेटाचा भाव पाहता वाचतं काय ते देवच जाणे. मग झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या रात्री एक नोट घडी करून आत सरकवायची. घरात लहान मुलं असतील तर मात्र डबी नक्की ठेवा. आमच्या मुलीला द्यायची सवय लागली ती तिच्यामुळेच.

शांती आवेदनाची गोष्ट वेगळी. मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला जाणाऱ्या आपल्यापैकी कित्येकजण त्या वास्तूच्या अंगावरून पुढे जातात. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी डॉ. लुईस डिसूझा यांनी 1986 साली ते सुरू केलं. देशातलं त्या प्रकारचं पहिलं. बरं करण्याचे उपाय संपल्यावर उरतं ते दुखणं कमी करण्याचं काम तिथे विनामूल्य होतं, आणि रुग्णाचा धर्म कुणी विचारत नाही. मी धर्मग्रामाच्या गटाबरोबर एकदाच गेलो. एका आजोबांपाशी बसलो. त्यांना बोलायचं नव्हतं, मला काय बोलावं सुचत नव्हतं. अर्धा तास आम्ही दोघं खिडकीतून समुद्र बघत होतो. वर्षातून एकदा ठोक रक्कम द्यायची असेल आणि हाताशी वेळ नसेल, तर मी डोळे मिटून याच जागेचं नाव घेईन. नेमाने जायचं म्हटलं तर वसईहून लोकल, पुढे बस आणि मग चढण. आमच्या गटाचा उत्साह दुसऱ्या खेपेआधीच ओसरला. माझाही.

आता बालगृह. कुठलं ते सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच.

नाताळच्या आधीचा आठवडा. आमच्या आळीतल्या सात-आठ घरांनी मिळून केक, बिर्याणी, फुगे असं सगळं नेलं. मुली रांगेत उभ्या राहिल्या, गाणं म्हटलं, हात जोडले. आमच्यापैकी दोघांनी मोबाइलवर चित्रण केलं. मग पुढच्या रांगेतल्या एका पोरीने मला हळूच विचारलं, "अंकल, केक आत्ता खायलाच पाहिजे का?" त्या दिवसातला तो तिसरा केक होता. सकाळी एक कंपनी येऊन गेलेली, दुपारी दुसऱ्या धर्मग्रामाची तरुण मंडळी. तिसरा केक, तिसरं गाणं. आमच्यासाठी म्हटलेलं गाणंही थकलेलंच होतं, आम्हाला तेवढं ऐकू आलं नव्हतं.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "जुलैत या ना. तेव्हा कुणी येत नाही." वह्या, रेनकोट, शाळेच्या रिक्षाचं भाडं, तापाची औषधं असा सगळा खर्च जून-जुलैत येतो. मी तोंड भरून हो म्हटलं. जुलैत पाऊस होता. पुढच्या जुलैत भाताची लावणी होती. तिसऱ्या वर्षी काय होतं ते आठवतही नाही. डिसेंबरमध्ये मात्र तिन्ही वर्षं गेलो, केक घेऊन.

त्या जुलैनेच माझा निकाल लावला. मी जुलैत आपणहून कुठे जाणारा माणूस नाही, मला कुणीतरी न्यावं लागतं. एसव्हीपी नेमकं तेवढंच करते.

फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी 1833 साली पॅरिसमध्ये ही संस्था काढली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. दान नुसतं पोचवायचं नाही, दोघांनी मिळून त्या घरी जायचं आणि बसायचं, हा नेम तेव्हापासूनचा. आपल्याकडे ती 1863 मध्ये पुण्यात आली. आमच्याकडे रविवारी चर्चमधल्या दुसऱ्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) बैठक होते, शेवटी कापडी पिशवी फिरते. कुणी किती टाकलं ते दिसत नाही, पावतीही मिळत नाही. मग वहीत लिहिलं जातं: या आठवड्यात कोण दोघं, कुठल्या घरी. वहीत नाव पडलं की पाऊस असो की लावणी, जावं लागतं. 2018 च्या जुलैत अर्धी वसई पाण्यात होती तेव्हाही माझं नाव वहीत होतं. मी दोन दिवस उशिरा गेलो, पण गेलो.

शिवाय घरात बसलं की खरी गरज कळते. एका आजींना आम्ही कित्येक महिने तांदूळ नेत होतो. एकदा चहा देताना त्या म्हणाल्या, "बाबा, तांदूळ रेशनवर फुकट मिळतो. प्रेशरच्या गोळ्या तेवढ्या महाग पडतात." तेव्हापासून गोळ्या.

वाईट बाजूही सांगायला हवी. बैठक कंटाळवाणी असते. मागच्या आठवड्याचा वृत्तांत वाचायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक घर बघून होईल. पन्नाशीतला मी तिथे तरुण समजला जातो. माणूस ओळखण्यात आम्ही चुकतोही. एका घरात मुलगा कमावता झाल्याचं आम्हाला वर्षभराने कळलं, तेही शेजाऱ्याकडून. आणि गाव लहान आहे. आपल्याच आळीत कुणाकडे एसव्हीपीवाले जातात ही बातमी लपत नाही, त्या घराला ते लागतं. म्हणून आम्ही बाजाराची साधी पिशवी नेतो आणि संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेनंतर निघतो. तरी लोकांना कळायचं ते कळतंच.

तुमच्या धर्मग्रामातली एसव्हीपी याहून चांगली असेल, किंवा नावापुरती असेल. तसं असेल तर शांती आवेदना. रविवारीही कामाला जाणाऱ्याने डबीच धरावी, त्यात कमीपणा काही नाही.

मुलगी आता दर महिन्याला माझ्या हाती पैसे देते, मी पिशवीत टाकतो. परवा जुलैतल्या एका रविवारी छत्री घेऊन ती माझ्याबरोबर त्या आजींकडे आली. आजींनी गोळ्यांचं पाकीट उशाशी ठेवलं, तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "लग्नाचं काय ठरवलंस?"